डिझेलच्या गाडीतलं गोडं तेल : बायोडिझेलची सांगोवांगी आणि इतिहास



१० ऑगस्ट हा दिवस आपल्याकडे जागतिक जैवइंधन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वर्तमानपत्रांत आणि पत्रकांत एक वाक्य हमखास भेटतं, की १८९३ साली याच तारखेला रुडॉल्फ डिझेल यांनी आपलं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. मग मोबाइलवर फिरता फिरता या वाक्याला शेपूट फुटतं. डिझेल इंजिन मुळात वनस्पती तेलासाठीच बनलं होतं, खनिज तेलवाल्या कंपन्यांनी ते दाबलं, आणि डिझेलसाहेबांना तर चक्क बोटीवरून समुद्रात ढकललं! गोष्ट झकास आहे. पण आज आम्ही ती मोडणार आहोत. ती खोटी आहे म्हणून तर खरंच, पण तिच्यामुळे डिझेल गाडी बाळगणाऱ्या माणसाच्या कामाचा इतिहास झाकला जातो, म्हणून जास्त.

आधी तारीख पाहू. १० ऑगस्ट १८९३ रोजी जर्मनीत ऑग्सबर्गच्या कारखान्यात डिझेल यांच्या इंजिनाची पहिली चाचणी झाली, एवढं खरं. पण त्या दिवशी सिलिंडरमध्ये शेंगदाणा तेल नव्हतं, खनिज तेलातून काढलेलं इंधन होतं. ते पेटलं, दाब इतका चढला की तो मोजायचं उपकरण फुटलं, आणि कार्यक्रम आटोपला. इंजिन स्वतःच्या बळावर मिनिटभर फिरायला १८९४ उजाडलं आणि विकण्याजोगं व्हायला १८९७. डिझेल यांच्या डोक्यात सुरुवातीला कोळशाची भुकटीही होती. इंधन कुठलंही असो, हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनंच ते पेटलं पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. ठिणगी नको. शेंगदाण्याशी त्यांचं लग्न लागलेलं नव्हतं.

मग शेंगदाणा आला कुठून? पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनातून. तिथे ऑटो कंपनीनं एक लहानसं डिझेल इंजिन मांडलं होतं, आणि ते शेंगदाणा तेलावर चाललं. याची हकिगत खुद्द डिझेल यांनीच १९१२ साली लंडनमध्ये इंजिनिअरांपुढे सांगितली. इंजिन इतकं सुरळीत चाललं, की बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तेल वेगळं असल्याचा पत्ता लागला. आणि ही कल्पना फ्रेंच सरकारची होती, हेही त्यांनीच सांगितलं. आफ्रिकेतल्या वसाहतींत शेंग मुबलक पिकत होती. तिथे कोळसा किंवा खनिज तेल बोटीनं नेण्यापेक्षा तिथल्याच तेलावर इंजिनं चालवता आली तर बरं, हा हिशेब. म्हणजे पहिल्या प्रयोगामागे पर्यावरण नव्हतं, वसाहतीचा खर्च वाचवणं होतं. वनस्पती तेलांना पुढे कधीतरी खनिज तेलाइतकं महत्त्व येईल, असं भाकीत डिझेल यांनी त्या काळात केलं, ते मात्र त्यांच्या नावावर जमा धरायला हरकत नाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या बोटीवरून ते नाहीसे झाले. तेव्हा ते कर्जात बुडालेले होते. तेल कंपन्यांनी त्यांना मारलं, याला पुरावा नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १९०० चं ते इंजिन गाडीतलं नव्हतं. एका जागी बसवलेलं, जड, संथ फिरणारं धूड होतं ते. असं इंजिन घट्ट तेलही पचवतं. रस्त्यावरच्या गाडीत बसवायचं तर इंजिन हलकं हवं, भरभर फिरणारं हवं आणि इंधन बारीक भोकातून, मोजून मापून, तुषारासारखं उडवणारा पंप हवा. असे पंप बॉश कंपनीनं १९२७ पासून मोठ्या संख्येनं बनवायला घेतले. मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेलवरची मोटारगाडी १९३६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात आली. तोपर्यंत इंजिनाला पातळ खनिज डिझेलची सवय लागलेली होती. घाण्यावरचं तेल त्याच्यापेक्षा दहापट घट्ट. ते नोझलमधून नीट फवारलं जात नाही, थेंब मोठे पडतात, अर्धवट जळतात आणि नोझलच्या तोंडाशी काजळीची खपली धरते. तेव्हा इंजिन बदलायचं की तेल, हा प्रश्न गाडीबरोबरच जन्माला आला.

त्याचं एक उत्तर १९३७ साली ब्रुसेल्समध्ये निघालं. तिथल्या विद्यापीठातले शावान यांनी ३१ ऑगस्ट १९३७ ला बेल्जियममध्ये पेटंट घेतलं. तेल तसंच न जाळता आधी त्याची अल्कोहोलशी क्रिया करायची, हे त्याचं सार. तेलाचा कण म्हणजे ग्लिसरीनच्या एका खुंटीला बांधलेले स्निग्धाम्लांचे तीन लांबलचक दोर. ती खुंटी सोडवून काढली आणि प्रत्येक दोराला अल्कोहोलचा लहानसा तुकडा बांधला, की तीन सुटे, लहान कण मिळतात. तेल पातळ होतं, ग्लिसरीन तळाशी बसतं. आज ज्याला आपण बायोडिझेल म्हणतो ते हेच. नाव फार पुढे आलं, वस्तू ही. आज साधारणपणे १०० किलो तेलाला १०-११ किलो मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक लागतो. हातात जवळपास १०० किलो बायोडिझेल येतं आणि १० किलोच्या आसपास ग्लिसरीन. शावान यांनी कच्चा माल घेतला होता पाम तेलाचा, आणि १९३८ च्या उन्हाळ्यात ब्रुसेल्स ते लूव्हाँ या मार्गावरची प्रवासी बस त्यावर चालवली गेली. पाम कुठलं? बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोचं. पुन्हा वसाहत!

महायुद्धाच्या काळात खनिज तेलाची वानवा झाली आणि जगभर असे प्रयोग झाले. भारतातही झाले. आपल्याकडच्या वनस्पती तेलांवर डिझेल इंजिनं कशी चालतात, यावरचा भारतीय संशोधकांचा निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला आहे. युद्ध संपलं, अरबस्तानचं तेल स्वस्तात वाहू लागलं आणि हे सगळं कागद कपाटात गेले. कुणी दाबलं म्हणून नव्हे. लिटरमागचा हिशेब बसेना म्हणून.

कपाट पुन्हा उघडलं ते १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनी. त्यातलं दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण आम्हांला बोलकं वाटतं. वर्णभेदी राजवटीमुळे त्या देशावर तेलबंदी होती. इराणचा शहा त्यांना तेल देत असे, १९७९ च्या क्रांतीनंतर तेही बंद झालं. सूर्यफूल मात्र देशात भरपूर. तेव्हा तिथल्या शेती-अभियंत्यांनी ट्रॅक्टरमध्ये सूर्यफुलाचं तेल ओतून पाहिलं. सुरुवातीला ट्रॅक्टर मजेत चालले, पुढे इंजेक्टर काजळीनं गच्च. मग त्यांनी तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया केली आणि त्रास गेला. चाळीस वर्षांपूर्वी ब्रुसेल्सला निघालेलं उत्तर त्यांना जणू नव्यानं शोधावं लागलं. जर्मनीत लुडविग एल्सबेट यांनी नेमकी उलटी वाट धरली. तेल आहे तसंच ठेवायचं, इंजिनच त्याच्यासाठी नव्यानं बांधायचं. तशी इंजिनं त्यांनी बांधली, ती चाललीही. पण एका तेलासाठी अख्खा कारखाना कोण बदलणार? तेल बदलणं स्वस्त पडलं.

आता युरोपात या. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियात वीझेलबुर्ग आणि ग्रात्स इथल्या संशोधकांनी रेपसीडच्या, म्हणजे आपल्या मोहरीच्या भावकीतल्या बियांच्या तेलापासून बायोडिझेल करण्यावर ध्यान दिलं. १९९१ साली तिथे या इंधनाचं मानक ठरलं. त्याच सुमारास मुरेक नावाच्या गावात शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेनं स्वतःचा कारखाना सुरू केला. शेतकऱ्यानं रेपसीड घालायचं आणि इंधन घेऊन जायचं, पेंड जनावरांना. आपल्या साखर कारखान्याच्या सभासदाला हे समजावून सांगायला लागणार नाही. हॉटेलांतलं तळणीचं तेलही पुढे तिथे जाऊ लागलं आणि ग्रात्स शहराच्या बस त्या इंधनावर धावल्या.

शेतकरी एवढा उत्साही का? युरोपात तेव्हा धान्य उदंड झालं होतं. १९९२ च्या सुधारणेनं मोठ्या शेतकऱ्यांना काही जमीन पडीक ठेवणं भाग पडलं, मात्र त्या जमिनीवर खाण्याचं नसलेलं पीक घ्यायला मुभा होती. इंधनासाठीचं रेपसीड त्या फटीतून वाढलं. जर्मनीनं त्यावरचा इंधनकर माफ केला. फोक्सवॅगननं आपल्या अनेक डिझेल गाड्यांना शुद्ध बायोडिझेल चालेल, असं मान्य केलं. २००५ च्या सुमारास जर्मनीत सुमारे १९०० पंपांवर ते मिळत होतं. शुद्ध, शंभर टक्के, बरं का. गाडी उभी करा, नळी लावा, डिझेलपेक्षा काही सेंट कमी द्या आणि निघा.

या काळात गाडीवाल्यांनी जे अनुभवातून शिकून घेतलं ते आम्ही थोडक्यात सांगतो, कारण असले प्रश्न प्रत्येक सभेत येतात. पहिलं म्हणजे बायोडिझेल चांगलं धुतं. जुन्या गाडीच्या टाकीत वर्षानुवर्षांचा गाळ असतो, तो ते सोडवतं आणि फिल्टर तुंबतो. पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर बदलला की प्रश्न मिटतो, पण माहीत नसलेला माणूस इंधनाला शिव्या घालतो. दुसरं, जुन्या गाड्यांतल्या साध्या रबराच्या नळ्या आणि सील त्यानं फुगतात, मऊ पडतात, गळतात. त्यासाठी वेगळ्या जातीचं रबर लागतं. तिसरं, लिटरमागे शक्ती आठ-दहा टक्के कमी, तेवढं ॲव्हरेज पडतं. आणि थंडीत ते गोठायला लागतं. रेपसीडचं उशिरा, पामचं लवकर. आपल्या घरातलं खोबरेल आणि शेंगदाणा तेल डिसेंबरात कसं वेगळं वागतं ते आठवा, तोच प्रकार. फायद्याच्या बाजूला, त्यात गंधक जवळपास नसतं, धूर कमी, पंपाला वंगण चांगलं मिळतं, आणि ते सहजी पेट घेत नसल्यानं साठवायला कमी धोक्याचं.

इथे वेल्सची गंमत सांगायलाच हवी. २००२ साली लानेली गावाच्या आसपास लोक दुकानातलं स्वस्त खाद्यतेल घेऊन थेट डिझेल गाडीत ओतत होते. ब्रिटनमध्ये इंधनावर जबर कर, खाद्यतेलावर नाही, त्यामुळे निम्म्याहून अधिक पैसे वाचायचे. गाड्यांच्या मागे बटाट्याच्या काचऱ्या तळल्याचा वास सुटायचा आणि अधिकारी त्या वासावर गाड्या अडवायचे. या पथकाला लोकांनी ‘फ्राइंग स्क्वॉड’ असं नाव ठेवलं. गुन्हा कसला? तेल जाळल्याचा नव्हे, रस्त्यावरच्या इंधनाचा कर बुडवल्याचा. पुढे २००७ मध्ये ब्रिटननं वर्षाला २५०० लिटरपर्यंत घरगुती बायोडिझेल करमुक्त केलं. सरकारच्या दृष्टीनं इंधन म्हणजे काय, ते या प्रकरणात जितकं उघडं दिसतं तितकं जाडजूड अहवालात दिसत नाही.

जर्मनीतही शेवटी कराकडूनच कलाटणी मिळाली. माफ केलेला कर तिजोरीला जाणवायला लागला. ऑगस्ट २००६ पासून शुद्ध बायोडिझेलवर लिटरला ९ सेंट कर बसला. २००८ मध्ये तो १५ झाला, २००९ मध्ये १८ आणि २०१३ पासून सुमारे ४५ सेंट. त्याऐवजी २००७ पासून तेल कंपन्यांवर सक्ती आली, की सगळ्या डिझेलमध्येच थोडं थोडं जैवइंधन मिसळा. ज्या इंधनाची निवड गाडीवाला स्वतः पंपावर करत होता, ते आता त्याच्या नकळत त्याच्या टाकीत जाऊ लागलं. पंपावरची वेगळी नळी काही वर्षांत दिसेनाशी झाली. मुरेकसारख्या गावातल्या शेतकऱ्याच्या हातून ती वस्तू मोठ्या कंपन्यांच्या टाक्यांत गेली. आमच्या मते या इतिहासातलं खरं नुकसान हे आहे. त्याची चर्चा मात्र फार कमी होते.

दुसरा धक्का खुद्द इंजिनानं दिला. प्रदूषणाचे नियम कडक झाले तसा, २००९ च्या सुमारास, डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी पकडणारा फिल्टर आला. तो भरला की गाडी स्वतःच त्याला तापवून आतली काजळी जाळते. अनेक गाड्यांत यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जादा इंधन उडवतात. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. साधं डिझेल तिथून पुष्कळसं वाफ होऊन निघून जातं. बायोडिझेलचा उत्कलनबिंदू जास्त, ते तिथेच मुक्काम करतं, ऑइल पातळ करतं, आणि पातळ ऑइलनं इंजिनाची झीज होते. म्हणून गाडी कंपन्यांनी शुद्ध बायोडिझेलला दिलेली परवानगी नव्या गाड्यांना मिळेना. युरोपच्या डिझेल मानकात मर्यादा ७ टक्के ठरली. म्हणजे बघा, आधी तेलानं स्वतःला इंजिनाच्या मापानं कापून घेतलं, तर इंजिनच पुढे सरकलं. यात कट नाही. धूर कमी व्हावा ही मागणीही लोकांचीच होती.

आणि आपण? भारतात हा विषय पुन्हा आला तो रेल्वेच्या वाटेनं. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली–अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेल मिसळून धावली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला आणि त्यानं एक झाड देशाच्या माथी मारलं. जट्रोफा, म्हणजे आपलं मोगली एरंड. कोकणापासून विदर्भापर्यंत बांधावर कुंपणाला लावतात ते. जनावरं तोंड लावत नाहीत, हीच त्याची लायकी. गणित असं होतं: भारत खाद्यतेल आयात करणारा देश, तेव्हा शेंगदाणा-सूर्यफूल जाळणं परवडणार नाही. पडीक जमिनीवर अखाद्य तेलाचं झाड लावू. २०११-१२ पर्यंत सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरांवर लागवड आणि डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण, असा बेत होता. भावनगरच्या केंद्रीय प्रयोगशाळेनं जट्रोफाचं बायोडिझेल करून दाखवलं आणि २००४ मध्ये मर्सिडीजच्या सी-क्लास गाड्या त्यावर हजारो किलोमीटर पळाल्या. इंधन उत्तम होतं. त्यात खोट नव्हती.

खोट जमिनीत होती. मोगली एरंड पडीक जमिनीवर जगतं हे खरं, पण जगणं वेगळं आणि बी देणं वेगळं. भरघोस बी हवं तर त्यालाही पाणी लागतं, खत लागतं. एवढं घालायचं तर शेतकरी सोयाबीन नाही का लावणार? बिया एकदम पिकत नाहीत, हातानं वेचाव्या लागतात. पेंड विषारी, ढोरांना चालत नाही. मुलांनी बिया खाऊन दवाखाना गाठल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. मुरेकच्या शेतकऱ्याचा निम्मा हिशेब पेंडीवर बसत होता, आपल्याकडे तो बाजूच कोरी. सरकारनं २००६ पासून खरेदीचा दर ठरवून दिला. त्यात उत्पादकांचा खर्चही भागेना. आणि कागदावर जी जमीन ‘पडीक’ होती ती गावात गायरान होती. तिथे कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या, कुणी तरी सरपण आणत होतं. अहवाल लिहिणाऱ्याला रिकामं दिसलेलं रान रिकामं नसतं, हे फ्रेंच आणि बेल्जियन वसाहतींतही खरं होतं. २००९ च्या धोरणानं २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं. २०१८ च्या धोरणात ते २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आलं.

सध्या आपल्याकडे भर आहे तो वापरलेल्या तळणीच्या तेलावर. १ जुलै २०१८ पासून, तळून तळून तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते खाण्यात वापरायचं नाही, असा नियम आहे, आणि असं तेल गोळा करून बायोडिझेल करण्याची योजना अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्याच वर्षी सुरू केली. आम्हांला ही दिशा जट्रोफापेक्षा शहाणपणाची वाटते, कारण हिला जमीन लागत नाही. शिवाय मोठ्या हॉटेलातलं काळं तेल पुढे वड्याच्या गाडीवर जाण्यापेक्षा डिझेलच्या गाडीत गेलेलं बरं! अडचण गोळा करण्याची आहे, आणि अशा तेलात सुटी आम्लं जास्त असतात, त्यामुळे कॉस्टिक घातला की बायोडिझेलऐवजी साबणाचा रबडा होतो. आधी आम्लं काढावी लागतात. हे घरच्या बादलीत करण्याचं काम नाही, मिथेनॉल तर विषारी आणि भडका घेणारं. याच गडबडीत ‘बायोडिझेल’च्या नावाखाली भलतीच औद्योगिक तेलं हायवेवर स्वस्तात विकण्याचे प्रकार गुजरात-महाराष्ट्रात उघड झाले.

तेव्हा तुमच्या गाडीचं काय? एप्रिल २०२० नंतरची बीएस-सहा डिझेल गाडी असेल तर आपल्या मानकात ७ टक्क्यांपर्यंतचं मिश्रण बसतं, आणि तेवढ्याला गाडी तयार आहे. त्याच्या वर जायचं तर आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडून बघा, वॉरंटी कुठे संपते ते त्यात लिहिलेलं असतं. वीस वर्षं जुनी, फिल्टर नसलेली गाडी जास्त सोसते, पण तिच्या रबरी नळ्या आधी तपासून घ्या. उरलेले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून पुढे पाठवा. पहिली चिठ्ठी करंज तेलाबद्दल आलेलीच आहे, तिच्यापासून सुरू करू.